तारीख न मिळालेलं कलम

भारताच्या राज्यघटनेची सरकारी छापील प्रत घेऊन अनुच्छेद २२ चं पान काढलं, की तळाशी बारीक टाइपात एक टीप दिसते. चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीचं तिसरं कलम अंमलात आलं की हा अनुच्छेद बदलेल, त्या कलमाचा मजकूर मागे परिशिष्टात पाहावा, असं ती सांगते. ही दुरुस्ती संसदेच्या दोन्ही सभागृहांनी १९७८ मध्ये दोन तृतीयांश मतांनी मंजूर केली. ३० एप्रिल १९७९ रोजी तिला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याच वर्षी तिच्यातली बाकीची कलमं टप्प्याटप्प्याने लागू झाली. तिसरं कलम तेवढं राहिलं, आणि ते आजही राहिलेलंच आहे.

हे कलम कोणासाठी होतं, ते पाहिल्यावर या दिरंगाईचं गांभीर्य कळतं. ज्याच्यावर खटला भरलेला नाही, ज्याचा गुन्हा शाबीत झालेला नाही, पण उद्या तो काहीतरी करील या अंदाजावर ज्याला आज तुरुंगात टाकलं आहे, अशा माणसासाठी ते लिहिलं होतं. आपल्या कायद्यात याला प्रतिबंधात्मक स्थानबद्धता म्हणतात. घटनादुरुस्तीने नागरिकाचं स्वातंत्र्य राखलं जातं का, हा प्रश्न नागरिकशास्त्राच्या पुस्तकात सोपा वाटतो. स्थानबद्धांच्या बाजूने तो विचारला, तर सोपं उत्तर मिळत नाही.

स्थानबद्धता घटनेहून खूप जुनी आहे आणि तिचा एक ठळक प्रसंग पुण्यातला आहे. २२ जून १८९७ च्या रात्री प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गणेशखिंडीत गोळ्या झाडल्या गेल्या. महिनाभरानंतर लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. टिळकांवर निदान खटला चालला, ज्यूरी बसली, वकील उभे राहिले, शिक्षा झाली तीही उघड न्यायालयात. त्याच दिवसांत पुण्याचे सरदार बाळासाहेब आणि तात्यासाहेब नातू या बंधूंना उचलण्यात आलं. त्यांच्यावर मात्र कधीच खटला भरला गेला नाही. सरकारने त्यांच्यासाठी काढलं ते मुंबई इलाख्याचं १८२७ चं पंचविसावं रेग्युलेशन. सत्तर वर्षांपूर्वीच्या या नियमाने सरकारला आरोप न ठेवता माणूस ताब्यात ठेवता येत होता आणि त्याच्या मालमत्तेवर टाचही आणता येत होती. प्लेगच्या काळात गोऱ्या सोजिरांनी घेतलेल्या घरझडत्यांविरुद्ध नातूंनी तक्रारी केल्या होत्या, एवढं मात्र सगळ्या पुण्याला ठाऊक होतं. त्या वर्षाअखेर काँग्रेसचं अधिवेशन अमरावतीत भरलं. बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांतली अशी जुनी रेग्युलेशनं रद्द करा, अशी मागणी तिथे झाली.

ती मागणी कोणी ऐकली नाही. १९०७ मध्ये बंगालच्या १८१८ च्या रेग्युलेशनखाली लाला लजपतराय यांना मंडालेला नेऊन ठेवलं. १९१९ मध्ये रौलट कायदा आला, त्याला लोकांनी ‘ना वकील, ना अपील, ना दलील’ असं नाव दिलं. दुसऱ्या महायुद्धात भारत संरक्षण नियमांखाली कार्यकर्त्यांना डांबण्यात आलं. घटना समितीत जे बसले, त्यांच्यातले कितीतरी जण या नाही तर त्या कायद्याखाली बिनखटल्याचे कैदी राहिलेले होते.

तरीही घटनेच्या मूलभूत हक्कांच्या प्रकरणातच स्थानबद्धतेला जागा मिळाली. युद्धकाळापुरती नव्हे, नेहमीसाठी.

हे कसं घडलं ते सांगायला हवं, कारण पुढच्या सगळ्या अडचणींचं मूळ तिथे आहे. जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा मसुदा करताना सुरुवातीला अमेरिकी घटनेचा आधार घेतला होता. तशी तरतूद राहिली असती, तर स्वातंत्र्य हिरावणारा कायदा मुळात न्याय्य आहे की नाही, हे न्यायालयाला तपासता आलं असतं. घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव १९४७ च्या अखेरीस अमेरिकेत गेले, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांना भेटले आणि न्यायाधीशांच्या हाती इतका अधिकार देणं बरं नव्हे असं मत घेऊन परतले. मग मसुद्यात ‘कायद्याने प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीनुसार’ असे शब्द आले. म्हणजे संसदेने कायदा केला आणि त्यातली पद्धत पाळली, की सरकारचं काम झालं. बाहेर यावर फार टीका झाली. मसुद्यातल्या या अनुच्छेदाइतकी टीका दुसऱ्या कशावरच झाली नाही, अशी कबुली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः समितीत दिली. ती उणीव भरून काढण्यासाठी १५ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांनी एक नवा अनुच्छेद मांडला. आजचा अनुच्छेद २२ तो हाच. अटकेची कारणं सांगणं, वकील देणं, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करणं ही हमी त्याने दिली. आणि त्याच अनुच्छेदाने स्थानबद्ध माणसाला या हमीतून वगळलं. स्थानबद्धाला मिळालं ते एवढंच: कारणं कळवायची, त्याचं निवेदन घ्यायचं आणि तीन महिन्यांहून अधिक काळ ठेवायचं असल्यास सल्लागार मंडळाचं मत घ्यायचं. मंडळाचं हे संरक्षणही संसदेने कायदा करून काही प्रकारच्या स्थानबद्धांना नाकारलं तरी चालेल, अशी पळवाट सातव्या खंडात ठेवलेली होती.

त्या चर्चेत महावीर त्यागी उठले. मसुदा समितीच्या सभासदांना स्थानबद्धतेचा अनुभव असता तर बरं झालं असतं, असं ते म्हणाले. यापुढे तो अनुभव मिळवायचा प्रयत्न करीन, असं उत्तर आंबेडकरांनी दिलं. त्यावर त्यागींनी सुनावलं की ब्रिटिशांनी दिला नाही तो लाभ ही घटनाच तुम्हाला देईल. मसुदा समितीवर बसलेल्यांत बहुतेक कायदेपंडित होते आणि त्यांच्यासमोर फाळणीच्या दंगली, निर्वासितांचे लोंढे, तेलंगणातलं सशस्त्र बंड होतं, हे खरं. पण त्यागींच्या बोलण्यातली कळकळ ही तुरुंग पाहून आलेल्या माणसाची होती, आणि पुढच्या पंचवीस वर्षांनी तिला दुजोरा दिला.

घटना अंमलात येऊन महिना झाला आणि २५ फेब्रुवारी १९५० रोजी हंगामी संसदेने प्रतिबंधात्मक स्थानबद्धता कायदा केला. विधेयक मांडताना सरदार पटेलांनी, या निर्णयापायी रात्री झोप लागली नाही, असं सभागृहाला सांगितलं होतं. कायदा एक वर्षापुरता होता. मुदत वाढत वाढत तो १९६९ च्या अखेरपर्यंत टिकला. त्याला पहिलं आव्हान दिलं केरळचे कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी. ते १९४७ च्या डिसेंबरपासून आत होते. १९ मे १९५० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितलं की संसदेच्या कायद्यातली पद्धत पाळली गेली असेल, तर ती न्याय्य आहे का हे आम्ही पाहणार नाही. फक्त, अटकेची कारणं न्यायालयालाही न दाखवण्याची सक्ती करणारं एक कलम रद्द झालं. गोपालन आतच राहिले.

पुढच्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती आली. मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉसरोड्स’ या साप्ताहिकावर मद्रास सरकारने बंदी घातली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने ती उठवली होती. त्यामुळे भाषणस्वातंत्र्यावर निर्बंध घालायची कारणं वाढवणं हा या दुरुस्तीचा एक हेतू होता. पण त्याच दुरुस्तीत निर्बंधांच्या आधी ‘वाजवी’ हा शब्द आला आणि वाजवी म्हणजे काय हे ठरवायचं काम न्यायालयाकडे गेलं. स्वातंत्र्य कमी करणारी दुरुस्तीच त्याला एक आधारही देऊन गेली. तिनेच नववी अनुसूची निर्माण केली. जमीनदारी संपवणारे कायदे न्यायालयात अडकू नयेत म्हणून केलेली ही यादी पुढे कशाकशाला आसरा देणार होती, याची तेव्हा कोणाला कल्पना नसावी.

घटनादुरुस्ती नसतानाही स्वातंत्र्य कसं राखलं जातं, याचं मराठी वाचकाने अभिमानाने सांगावं असं उदाहरण १९६५ मधलं आहे. चीनच्या आक्रमणानंतर जाहीर झालेली आणीबाणी तेव्हा चालूच होती. कम्युनिस्ट कार्यकर्ते प्रभाकर संझगिरी मुंबईच्या जिल्हा कारागृहात स्थानबद्ध होते. तिथे बसून त्यांनी मराठीत अणुविज्ञानावर ‘अणूच्या अंतरंगात’ हे पुस्तक लिहिलं आणि छापण्यासाठी हस्तलिखित बाहेर पाठवायची परवानगी मागितली. राज्य सरकारने ती नाकारली. मुंबई उच्च न्यायालयाने पुस्तकाची अनुक्रमणिका वाचून पाहिली, यात देशाच्या संरक्षणाला बाध आणणारं काही नाही अशी खात्री करून घेतली आणि परवानगी दिली. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी अपील फेटाळताना सांगितलं की स्थानबद्धतेच्या नियमांत पुस्तक बाहेर पाठवायला मनाई नाही, आणि ज्याला नियमाचा आधार नाही ते बंधन सरकारला घालता येणार नाही. या निकालाची तारीख ६ सप्टेंबर १९६५. दुसऱ्याच दिवशी त्याच न्यायालयाने राम मनोहर लोहिया यांची स्थानबद्धता बेकायदा ठरवली. पाकिस्तानशी युद्ध पेटलेलं होतं. लाहोरच्या दिशेने सैन्य निघालेलं असताना न्यायालय कैद्याची बाजू ऐकत होतं.

अकरा वर्षांनी त्याच न्यायालयाने उलट केलं.

२५ जून १९७५ च्या रात्री अंतर्गत अशांततेच्या कारणावरून आणीबाणी जाहीर झाली. २७ तारखेच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद १४, २१ आणि २२ खाली न्यायालयात जाण्याचा हक्क स्थगित झाला. १९६२ च्या आणीबाणीतला आदेश संरक्षण नियमांखाली पकडलेल्यांपुरता मर्यादित होता, म्हणून संझगिरींना आणि लोहियांना वाट सापडली होती. १९७५ च्या आदेशात ती मर्यादाच ठेवली नव्हती. १९७१ च्या मिसा या स्थानबद्धता कायद्यात वटहुकुमाने नवं कलम घालून कारणं कळवण्याची अटही काढून टाकली. मग घटनादुरुस्त्यांची रांग लागली. अडतिसाव्या दुरुस्तीने आणीबाणीची घोषणा न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेली. एकोणचाळिसाव्या दुरुस्तीने पंतप्रधानांच्या निवडणुकीला संरक्षण दिलं आणि जमीन सुधारणा कायद्यांसाठी असलेल्या नवव्या अनुसूचीत ब्याण्णवाव्या क्रमांकावर चक्क मिसा नेऊन ठेवला. कूळ कायद्याच्या शेजारी स्थानबद्धतेचा कायदा. बेचाळिसाव्या दुरुस्तीने तर घटनेचा मोठा भाग नव्याने लिहिला. या प्रत्येक दुरुस्तीला घटनेने सांगितलेलं बहुमत होतं आणि प्रत्येकीची कार्यपद्धती रीतसर पाळली गेली होती. विरोधी पक्षांचे अनेक खासदार मात्र मतदानाच्या दिवशी तुरुंगात होते.

आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या मोजणीनुसार त्या काळात मिसाखाली सुमारे ३५ हजार माणसं स्थानबद्ध झाली. नऊ उच्च न्यायालयांनी, आणि त्यांत मुंबईचंही होतं, स्थानबद्धाची याचिका ऐकायचं मान्य केलं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. कैद्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत सासवडचे वि. म. तारकुंडे होते. न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी ॲटर्नी जनरल नीरेन डे यांना विचारलं की एखाद्या पोलिसाने वैयक्तिक सूडापोटी कोणाचा जीव घेतला तरी उपाय नाही का? आणीबाणी असेपर्यंत नाही, असं उत्तर आलं. २८ एप्रिल १९७६ रोजी पाचपैकी चार न्यायमूर्तींनी सरकारचं म्हणणं मान्य केलं. त्या चौघांत पुण्याचे यशवंत चंद्रचूड होते. खन्ना एकटे विरोधात राहिले. पुढे त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्तीला सरन्यायाधीश केलं गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला.

चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती या अनुभवातून जन्मली. कायदामंत्री शांतिभूषण स्वतः त्या खटल्यात कैद्यांच्या बाजूने लढलेले होते. दुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण काढलं आणि ‘सशस्त्र बंड’ हे शब्द घातले. आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आणि महिनाभरात दोन्ही सभागृहांचं विशेष बहुमत सक्तीचं केलं. सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे अनुच्छेद २० आणि २१ आणीबाणीतही स्थगित होणार नाहीत, अशी तरतूद केली. मिसा नवव्या अनुसूचीतून बाहेर गेला. या दुरुस्तीला कमी लेखणं अन्यायाचं होईल. १९७९ पासून आजवर देशात अंतर्गत कारणांवरून एकदाही आणीबाणी लागलेली नाही, आणि त्यामागे या तरतुदींचा धाक आहे.

तरी ती जशी मांडली गेली तशी मंजूर झाली नाही. घटनेची मूलभूत वैशिष्ट्यं बदलायची असतील तर जनतेचं सार्वमत घ्यावं, हा प्रस्ताव राज्यसभेत गळला. तिथे काँग्रेसचं बहुमत होतं. तिसरं कलम मात्र सगळीकडून सुखरूप पार पडलं. ते सांगत होतं की सल्लागार मंडळाच्या मताशिवाय दोन महिन्यांहून जास्त कोणालाही ठेवू नये. मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने नेमावं. त्याचे अध्यक्ष कामावर असलेले न्यायमूर्ती असावेत आणि सभासद आजी किंवा माजी न्यायमूर्ती. अनुच्छेद २२ च्या सातव्या खंडातली ती पळवाटही ते बुजवत होतं.

फक्त दुरुस्तीच्या पहिल्या कलमात एक ओळ होती: केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवील त्या तारखेला ती अंमलात येईल आणि वेगवेगळ्या कलमांना वेगवेगळ्या तारखा देता येतील. २० जून १९७९ च्या अधिसूचनेत तिसऱ्या कलमाचा आकडा नव्हता. ही अधिसूचना काढणारं सरकार मोरारजी देसाईंचंच होतं. जुलैत ते पडलं.

१९८० मध्ये इंदिरा गांधी परत आल्या. सप्टेंबरात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात तो राष्ट्रीय सुरक्षा कायदा झाला. त्याखाली धनबादचे मार्क्सवादी खासदार ए. के. रॉय यांना स्थानबद्ध केलं गेलं. त्यांच्या याचिकेत सरळ मागणी होती की संसदेने मंजूर केलेलं तिसरं कलम लागू करायला सरकारला सांगा. २८ डिसेंबर १९८१ रोजी निकाल आला. बहुमताचं निकालपत्र आता सरन्यायाधीश झालेल्या यशवंत चंद्रचूडांचं होतं. तारीख ठरवायचा अधिकार संसदेनेच सरकारला दिला आहे, न्यायालय त्यात आदेश देऊ शकत नाही, असं त्यांनी म्हटलं आणि सरकार आणखी उशीर न करता ते लागू करील अशी आशा व्यक्त केली. न्यायमूर्ती ए. सी. गुप्ता यांनी असहमती नोंदवली. संसदेने केलेली घटनादुरुस्ती सरकारने नुसतं स्वस्थ बसून निष्प्रभ करावी हे त्यांना पटलं नाही, आणि वाचणाऱ्यालाही गुप्तांचंच म्हणणं अधिक भिडतं. २००२ मध्ये शेगावच्या गजानन महाराज संस्थानाच्या प्रकरणात, औद्योगिक विवाद कायद्याच्या लागू न झालेल्या दुरुस्तीबाबत, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा तेच तत्त्व उचलून धरलं.

जे संरक्षण लागू झालं तेही अढळ नव्हतं. १९८८ मध्ये एकोणसाठावी घटनादुरुस्ती करून पंजाबपुरती अंतर्गत अशांततेची आणीबाणी पुन्हा शक्य केली गेली, आणि तीत अनुच्छेद २१ सुद्धा स्थगित करता येणार होता. चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने कायमचं म्हणून दिलेलं अभय नऊ वर्षांत एका राज्यापुरतं मागे घेतलं गेलं. सुदैवाने तो अधिकार वापरला गेला नाही आणि सरकार बदलल्यावर त्रेसष्टाव्या दुरुस्तीने तो रद्द झाला. १९७६ चा निकाल मात्र २०१७ पर्यंत पुस्तकात राहिला. तो चुकीचा ठरवणारं प्रमुख निकालपत्र धनंजय चंद्रचूडांचं, म्हणजे मुलाने वडिलांच्या मताविरुद्ध लिहिलेलं होतं.

मोरारजी देसाई, चरणसिंह, चंद्रशेखर, देवेगौडा, अटलबिहारी वाजपेयी हे पाच पंतप्रधान आणीबाणीत तुरुंगात होते. कोणाच्याही कारकिर्दीत ती अधिसूचना निघाली नाही. काँग्रेसच्या सरकारांनी काढली नाही, भाजपच्या सरकारांनीही काढली नाही. महाराष्ट्रात २०१८ मध्ये मिसाबंदींना मानधन सुरू झालं, महिन्याहून अधिक काळ तुरुंगात राहिलेल्यांना दरमहा १० हजार रुपये. २०२० मध्ये ते बंद झालं, २०२२ मध्ये पुन्हा चालू झालं. मानधनावर सरकारं बदलतील तसे निर्णय फिरले. स्थानबद्धाला आज काय संरक्षण मिळावं, हा विषय या वादात कुठे आलाच नाही.

आणि स्थानबद्ध आजही आहेत. महाराष्ट्रात १९८१ चा एमपीडीए कायदा आहे. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आणि अमली पदार्थांचे गुन्हेगार यांच्यासाठी तो झाला, पुढे त्यात धोकादायक व्यक्ती आणि वाळूतस्करही आले. अमुक सराईत एका वर्षासाठी येरवड्यात किंवा नागपूरच्या कारागृहात स्थानबद्ध, ही बातमी जिल्हा पानावर नेहमी असते. जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त आदेश काढतात, राज्य सरकार तो कायम करतं, तीन आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळापुढे जातं आणि अटकेपासून सात आठवड्यांत मंडळाने मत द्यायचं असतं. म्हणजे मुदतीच्या बाबतीत हा कायदा तिसऱ्या कलमाच्या दोन महिन्यांत बसतो. अडचण मंडळाच्या नेमणुकीची आहे. ज्या सरकारच्या आदेशाची तपासणी व्हायची, तेच सरकार तपासणारे नेमतं. मंडळापुढे वकील उभा करण्याचा हक्क स्थानबद्धाला आजही नाही, आणि तो तिसऱ्या कलमानेही मिळाला नसता, हेही सांगायला हवं. मुंबई उच्च न्यायालय आणि त्याची खंडपीठं असे कितीतरी आदेश रद्द करतात, कधी निवेदनावर उशीर झाला म्हणून, कधी साध्या मारामारीला सार्वजनिक सुव्यवस्थेचा भंग म्हटलं म्हणून. पण ज्याच्या घरच्यांना उच्च न्यायालयाचा वकील परवडतो, त्याच्याच बाबतीत हे घडतं, आणि तोवर वर्षातले कितीतरी महिने गेलेले असतात. तिसरं कलम लागू झालं, तर या मंडळावर कोण बसेल याची शिफारस मुख्य न्यायमूर्तींकडून येईल. त्यासाठी नवं विधेयक लागत नाही, मतदान लागत नाही, राज्यांची संमती लागत नाही. केंद्र सरकारची राजपत्रातली एक अधिसूचना पुरते.